चौकशीसाठी रामण्णा

रामचंद्र केदारींना समाजात नुसतं नावानं कुणी ओळखत नसे. हुबळीच्या दाजिबान पेठेतल्या गणपतीच्या फलकावर ते 'आधारस्तंभ' होते, समाजाच्या वार्षिक अहवालात 'ज्येष्ठ सल्लागार', वधूवर मेळाव्याच्या पत्रिकेत 'मार्गदर्शक', आणि कानडी शेजाऱ्यांच्या तोंडी 'हिरियरु', म्हणजे वडीलधारे. पाठीमागे लोक त्यांना 'फुकटचा वकील' म्हणत, पण पाठीमागे कोण कुणाला काय म्हणत नाही! समोर मात्र सगळे रामण्णा म्हणत आणि समोर आले की सगळे विचारत. फ्रीज कुठल्या भिंतीला ठेवू, पोराला डिप्लोमाला घालू की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गुडघ्याचं ऑपरेशन हुबळीत करू की बेळगावात. रामण्णांनी जन्मात डिप्लोमा केला नव्हता आणि त्यांचा गुडघाही कधी दुखला नव्हता. उत्तर मात्र तयार असायचं.

वैशालीच्या घरात तर त्यांना विचारल्याशिवाय नळाची तोटीसुद्धा बदलत नसत. तिच्या वडिलांचं बटणं, लेस, दोऱ्यांचं दुकान होतं आणि शेजारच्या गाळ्यात रामण्णा बसत. वडील बारा वर्षांपूर्वी अचानक गेले, तेव्हा रामण्णा तेरा दिवस रोज सकाळी येऊन दारातल्या खुर्चीवर बसले. आल्यागेल्याशी तेच बोलले. तेव्हापासून वैशालीची आई, पार्वतीबाई, रामण्णांचा शब्द देवासारखा मानायला लागली.

वैशाली पस्तीस वर्षांची होती. विद्यानगरच्या एका पीयू कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. तिला लग्न करायचं होतं. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण लोक उगाच 'करिअरच्या मागे लागली' म्हणत. करिअर कसलं डोंबलाचं! सकाळी 'चिगरी' नावाची सिटीबस, दिवसभर तेच धडे आणि त्याच वह्या, संध्याकाळी आईशेजारी बसून मालिका. तिला आपलं घर हवं होतं, आपल्याशी हक्कानं भांडणारं माणूस हवं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

समाजात मुलीचा बायोडाटा निघाला की त्याच्या तळाशी एक ओळ असते, 'चौकशीसाठी'. तिथे घरचा नंबर घालत नाहीत. आपल्या पोरीचं कौतुक आपणच कसं करायचं? म्हणून कुणातरी त्रयस्थ, वजनदार माणसाचं नाव घालतात. मुलाकडचे मुलगी बघून जातात, पसंत पडली की त्या माणसाला फोन लावतात, आणि तो काय म्हणेल त्यावर पुढचं ठरतं. पार्वतीबाईंनी लिहिलं होतं, 'श्री. रामचंद्र केदारी (हितचिंतक)'. सल्लागार म्हटलं तर ऑफिसातला वाटतो, मार्गदर्शक म्हटलं तर परीक्षेचं गाइड वाटतं, असं म्हणून त्यांनी हितचिंतक हा शब्द निवडला होता आणि त्यावर त्या खूश होत्या.

नऊ वर्षांत तेरा स्थळं आली. आली, पोहे खाल्ले, हसली, बोलली. तिघांनी तर अंगठीसाठी बोटाचं मापही नेलं. मग चौकशीचे दोन दिवस जायचे आणि फोन यायचा, 'नोडोण.' बघू या. हुबळीत 'नोडोण' म्हटलं की माणसानं समजून घ्यायचं असतं. पार्वतीबाईंनी शनिवार धरले, फोटो बदलला, हॉलचे पडदे बदलले. दर वेळी रामण्णा येऊन बसायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "योग नव्हता बघ. घाई करू नका."

मग एका शनिवारी दुर्गदबैलच्या बाजारात वैशालीला अकराव्या स्थळाची आई भेटली. बाई मनानं चांगली होती. मेथीची जुडी हातात तशीच धरून तिनं वैशालीचा दंड पकडला.

"तू आमाला लई आवडली होतीस गं," ती म्हणाली. "माझ्या पोरानं तर चार दिवस जेवण सोडलं होतं. पण तुमच्याच माणसानं थांबा म्हटल्यावर काय करायचं, सांग?"

"आमच्या कुठल्या माणसानं?"

"ते बायोडाट्यातले की. हितचिंतक."

वैशाली भाजी न घेताच घरी आली. रात्रभर तिनं स्वतःला समजावलं की बाईची काहीतरी गफलत झाली असेल. दुसऱ्या दिवशी आईनं केलेल्या चकल्यांचा डबा घेऊन ती रामण्णांकडे गेली. काय विचारायचं हे काही ठरलं नव्हतं. विचारायची वेळच आली नाही, कारण ती बसली न बसली तोच त्यांचा फोन वाजला. कुणीतरी आरुषीची चौकशी करत होतं. आरुषी म्हणजे मागच्या गल्लीतली पोरगी, नुकती चोविसाव्यात गेलेली. तिच्याही कागदावर रामण्णाच होते.

"आरुषी ना? पोरगी लाखात एक हो," रामण्णा चकली मोडत म्हणाले. "घराणं चांगलं. काळजीच करू नका... नाही, नाही, तसं काही नाही. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो हं. तुमच्या जागी मी असतो तर चार महिने थांबलो असतो... कारण? कारण काही नाही हो. घाई कशाला, एवढंच."

त्यांनी फोन ठेवला आणि दुसरी चकली घेतली.

"अण्णा," वैशालीचा आवाज तिलाच परका वाटला, "आरुषीत काय वाईट आहे?"

"वाईट? छे! गुणाची पोर."

"मग थांबा का म्हणालात?"

रामण्णांना प्रश्न आवडला. शिकवायला मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा. "हे बघ बाळ. मी 'करा' म्हटलं आणि उद्या काही वाईट झालं, तर लोक कुणाच्या दारात येतील? माझ्या. 'थांबा' म्हटलं की कोण येतंय? चाळीस वर्षं लोक मला विचारतात, पण एक माणूस भांडायला आला नाही बघ."

"माझ्या वेळीही असंच सांगितलंत?"

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. "सांगितलं असेल की. सगळ्यांनाच सांगतो. तुझ्यापुरतं वेगळं कशाला करू?"

किती फोन आले होते हे त्यांना आठवत नव्हतं. तेरा की तीन, त्यांना काही फरक पडत नव्हता. वैशालीला वाटलं होतं, काहीतरी जुनं वैर निघेल, वडिलांशी दुकानावरून झालेली कुरबुर निघेल. तसलं काहीच नव्हतं. तिचं वाईट व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती आणि चांगलं व्हावं म्हणून त्यांनी काडीही हलवली नव्हती. वैर असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. ती रिकामा डबा घेऊन घरी आली आणि बाथरूमचा नळ मोठा सोडून रडली.

आईला सांगितलं तर आई उसळली. "अण्णा? तुझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस आपल्या दारात कोण बसलं होतं?"

"बसले होते. मी कुठं नाही म्हणते? पण ह्या कागदावरून त्यांचं नाव काढ."

"आणि समाजात काय तोंड दाखवू? रामण्णांचं नाव का काढलं म्हणून लोक विचारणार नाहीत? त्यांना काय वाटेल?"

त्यांना काय वाटेल! नऊ वर्षं घरात बसलेल्या पोरीला काय वाटतं, हे पार्वतीबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं. वैशालीनं वाद सोडला. कॉलेजच्या कंप्युटरवर तिनं नवा बायोडाटा केला आणि तळाशी तिथंच फिजिक्स शिकवणाऱ्या मायाचं नाव आणि नंबर घातला. नावापुढे कंसात काय लिहायचं, यावर दोघींनी मधल्या सुट्टीत डोकं खाजवलं. मैत्रीण लिहिलं तर पोरखेळ वाटेल, हितचिंतक हा शब्द तर वैशालीला बघवत नव्हता. शेवटी काहीच लिहिलं नाही.

तो कागद धारवाडला सप्तापुरात पोचला. लोकेश अडतीस वर्षांचा, विद्यापीठाजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान. पोरांचे प्रबंध छापून, बांधून द्यायचा. आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेला. काका शेषगिरीराव रिटायर्ड माणूस, तेही तिकडच्या मंडळाचे 'मार्गदर्शक'. लोकेश बघायला आला तेव्हा पोहे न खाता त्यानं आधी विचारलं, "तुम्हाला दुकानात उभं राहायला आवडेल का? नाही आवडलं तरी चालतंय." पुढच्या आठवड्यात दोघं उणकल तळ्याकाठी भेटली, चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं. एका पीएचडीवाल्यानं स्वतःच्या प्रबंधावर स्वतःचंच नाव चुकीचं छापून घेतल्याची गोष्ट त्यानं सांगितली. वैशाली इतकी हसली की शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. त्या दिवशी बसमध्ये ती एकटीच हसत होती. ती त्याच्यात गुंतली होती, उगाच आडपडदा कशाला.

शेषगिरीरावांनी मायाला फोन केला. माया म्हणाली, "मुलगी चांगली आहे. करून टाका."

"एवढंच?"

"एवढंच."

शेषगिरीरावांची जरा निराशा झाली, पण हरकत काढायला जागा नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी सुपारी फोडायचं ठरलं.

आता रामण्णांना बोलवायचं नाही, हे काही पार्वतीबाईंच्याने झालं नसतं. त्या स्वतः जाऊन बोलावून आल्या. रामण्णांनी विचारलं, "मला फोन कसा नाही आला?" आणि ह्या भोळ्या बाईनं सांगून टाकलं की ह्या वेळच्या कागदावर पोरीनं मैत्रिणीचा नंबर घातला होता. घरी येऊन त्या वैशालीला म्हणाल्या, "काही रागावले नाहीत गं. नुसते 'बरं' म्हणाले." ते 'बरं' वैशालीला काही बरं वाटलं नाही.

सुपारीची एक रीत आहे. नारळ, हळदकुंकू, सुपारी असं ताट मध्ये ठेवतात. फोडण्याआधी मुलाकडचा वडीलधारा मुलीकडच्या वडीलधाऱ्याला विचारतो, 'तुमचं मत?' त्यानं 'आनंद आहे' म्हणायचं असतं. बस. हे मत कुणी खरं मत म्हणून विचारत नाही आणि कुणी देतही नाही. रामण्णांनी समाजात पन्नासेक वेळा 'आनंद आहे' म्हटलं असेल.

रविवारी साडेदहाला सगळी जमली. लोकेश निळा शर्ट घालून ताटासमोर बसला होता. स्वयंपाकघराच्या दारातून वैशालीला त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. केस ओले होते आणि नीट भांग पाडलेला होता. तिला त्याची माया आली. शेषगिरीरावांनी धारवाडी पेढ्यांचा खोका ताटाशेजारी ठेवला आणि हात जोडले.

"बोला रामण्णा. तुमचं मत?"

रामण्णांनी कप खाली ठेवला. "मला कशाला विचारता, शेषगिरीराव?"

सगळी हसली. थट्टा वाटली.

"रीतच आहे की," शेषगिरीराव म्हणाले.

"रीत आहे, मान्य. पण ह्या खेपेला आधी मला कुणी विचारलं नाही. कागदावर मी नव्हतो, फोन मला नव्हता. म्हणजे जबाबदारी माझी नाही. मग मत तरी कशाला देऊ?"

हसू थांबलं. शेषगिरीराव पुढे सरकले. "तसं काही आहे का?"

"मी कुठं काय म्हणालो? मी काही बोललोच नाही, आणि बोलणारही नाही. पोर माझ्या डोळ्यांदेखत वाढली आहे. इरली बिडरी."

इरली बिडरी म्हणजे असू द्या, सोडा. असं म्हटल्यावर आजवर कुणी काही सोडलेलं नाही. शेषगिरीरावांनी हळूच आपला हात ताटावरून मागे घेतला. एक मार्गदर्शक दुसऱ्या मार्गदर्शकाची भाषा बरोबर समजतो.

वैशाली दारातून पुढे आली. मुलीनं अशा वेळी पुढे यायचं नसतं, पण ती आली.

"अण्णा, काय असेल ते सांगून टाका. इथंच, सगळ्यांसमोर."

"काही नाही गं बाळ."

"मग तसं म्हणा. काही नाही, आनंद आहे, म्हणा."

"आता ते मी कसं म्हणू?" रामण्णा दुखावल्या आवाजात म्हणाले आणि शेषगिरीरावांकडे वळले. "काही नाही हो. देवाशपथ सांगतो, पोरीत काही वावगं नाही."

हे अगदी खरं होतं. नऊ वर्षांत वैशालीबद्दल ते पहिल्यांदा सरळ, शंभर टक्के खरं बोलले, आणि खोलीतल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही. शेषगिरीरावांनी तर मान खाली घातली. केवढं झाकून घेतोय बिचारा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

वैशालीचा तोल गेला. "तुम्हाला कळत नाही का? ह्या माणसानं अशीच माझी तेरा स्थळं मोडली!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"तेरा?" शेषगिरीराव म्हणाले.

हा आकडा कागदावर नव्हता. मायानंही सांगितला नव्हता. वैशालीला आपण काय केलं ते कळलं, पण तोंडातून गेलेलं गेलं. शेषगिरीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वैशे, गप्प बस!" पार्वतीबाई ओरडल्या. "अण्णांवर आळ घेतेस? लाज नाही वाटत?"

वैशालीनं आईकडे बघितलं नाही. ती लोकेशसमोर जाऊन उभी राहिली. ताट दोघांच्या मध्ये होतं. आवाज तिनं सांभाळला.

"तुमचं मत काय? तुमचं."

लोकेशनं तिच्याकडे बघितलं. क्षणभर तिला वाटलं, हा आता उठेल. उणकलच्या काठावर गिरमिट खाणारा तो माणूस अजून ह्या निळ्या शर्टात होता. मग त्यानं मान वळवून काकांकडे बघितलं.

"माझं काय," तो पुटपुटला. "काका म्हणतील तसं."

"नोडोण," शेषगिरीराव उठत म्हणाले. "आज दिवसही तितकासा बरा नाही."

पेढ्यांचा खोका परत न्यायचा की नाही, यावर त्यांच्याकडच्या बायकांत थोडी कुजबुज झाली. शेवटी तो तिथेच राहिला. पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला रामण्णाच गेले. पुढच्या चौकात रस्ता खणलाय, मागच्या गल्लीनं निघा, हेही त्यांनीच सांगितलं.

परत येऊन ते बसले. पार्वतीबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. रडता रडता त्यांनी हात जोडले. "पोरीच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका अण्णा. आता तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"आता एक वर्ष काहीच करू नका," रामण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता. "लोकांना विसरू दे. कलघटगीकडे एक जण आहे, बायको सोडून गेलेली, दोन पोरं आहेत. वर्षानं बघू. घाई नाही."

पार्वतीबाईंनी मान हलवली आणि त्यांच्यासाठी जेवणाचं ताट घ्यायला उठल्या. वैशाली हॉलमध्ये उभी होती. तिला त्यांच्या अंगावर ते सुपारीचं ताट फेकावंसं वाटलं. तिनं ते उचललं, देवघरात नेऊन ठेवलं, आणि बाहेर गच्चीवर जाऊन बसली. ती तिथंच बसून राहिली.

सहाच्या सुमाराला लोकेशचा फोन आला. नाव बघून तिनं तो लगेच उचलला. एवढं सगळं होऊनही तिला वाटलं, हा दुकानात एकटा आहे, आता बोलेल.

"काका म्हणतात, हे काही जमत नाही," लोकेश म्हणाला. मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. "राग मानू नका. तुम्ही मला आवडला होतात, खरंच."

"हं."

"एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका."

"सांगा."

"पुढच्या वेळी कागदावर मैत्रिणीचा नंबर घालू नका. कुणीतरी वडीलधारं माणूस असलं की चौकशी करणाऱ्याला बरं वाटतंय." तो जरा थांबला, कुणाला तरी 'दोन मिनिटं' म्हणाला आणि पुन्हा फोनवर आला. "ते रामण्णा आहेत ना, त्यांचाच घाला. भला माणूस वाटला मला. एवढं झालं, पण तुमच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही त्यांनी."

खालून आई हाक मारत होती, कुणाचा फोन गं, काय म्हणतात? लोकेशनं केव्हाच ठेवला होता. वैशालीनं फोन तसाच कानाला धरून ठेवला, कारण खाली घेतला असता तर आईला उत्तर द्यावं लागलं असतं.